तार एकाची, बिल दुसऱ्याचे

वीजदर वाढल्याची बातमी आली की आमच्या संघटनेच्या कार्यालयात माणसे बिले घेऊन येतात. आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज ह्या बाजूच्या कित्येक घरांची एक चूल गावी आणि एक मुंबईला पेटते, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. तेव्हा बिल पुढे टाकून झाले की बोलणे हमखास मुंबईवर जाते. 'माझा भाऊ गोरेगावला असतो. तिथे म्हणे वीज परवडेनाशी झाली की कंपनी बदलता येते. मग आम्हांलाच एका महावितरणच्या दावणीला का बांधून ठेवले आहे?'

प्रश्न रास्त आहे. पण हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देऊन तो मिटत नाही. मुंबईकराला हा हक्क कोठून मिळाला आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडले हे पाहिल्यावाचून त्याचे मोल कळायचे नाही. म्हणून आज आम्ही तोच इतिहास सांगण्याचे योजले आहे. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. पण घराच्या भिंतीवर लटकणाऱ्या मीटरलाही इतिहास असतो, आणि तो काही कमी रक्तबंबाळ नाही.

मुंबईत वीज आली ती प्रथम ट्रामसाठी आणि गिरण्यांसाठी. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. दिवा आला म्हणून कामगाराचे डोळे दिपले असतील, पण त्याचा दिवसही लांबला. तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबे. आता मालक तेरा-तेरा, चौदा-चौदा तास यंत्रे चालवू लागले. १९०५ साली त्यावरून मुंबईत कामगारांचा असंतोष उफाळला, आणि गिरणीतल्या प्रौढ कामगाराचा दिवस बारा तासांवर आणायला १९११ चा कायदा यावा लागला. विजेचा भाव पैशांत मोजायची आपल्याला सवय झाली आहे, म्हणून हे सांगितले.

गिरण्यांना लागणारी शक्ती कोळशाऐवजी सह्याद्रीच्या पावसातून काढावी ही कल्पना टाटांची. लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून, घाटाखाली पाणी सोडून खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पुढे भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. ह्या कामांसाठी सरकारने टाटांच्या कंपन्यांना वेळोवेळी परवाने दिले. पहिला १९०७ चा, दुसरा आंध्र खोऱ्याचा १९१९ चा, तिसरा निळा-मुळा खोऱ्याचा १९२१ चा आणि चौथा तुर्भ्याच्या औष्णिक केंद्राचा १९५३ चा. ही चार कागदपत्रे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांच्याशी गाठ पडायची आहे.

त्यांतला तिसरा परवाना ज्या खोऱ्याचा, ते खोरे म्हणजे आपले मुळशी. परवाना १९२१ चा, आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांचे नाव महाराष्ट्राला खऱ्या अर्थाने कळले ते त्या लढ्यात. आंबेमोहोराची खाचरे बुडाली, गावे उठली, माणसे तुरुंगात गेली, १९२४ पर्यंत लढा चालला, आणि अखेर धरण झालेच. भिऱ्याला जनित्र फिरू लागले ते त्या बुडालेल्या शिवारांवरच्या पाण्यावर. मुळशीच्या शेतकऱ्याला 'तुम्हांला कोणती कंपनी पसंत?' असे काही कोणी विचारले नव्हते.

आता शहराकडे वळू. मुंबई बेटात घरोघर वीज देण्याचे काम ट्रामवाल्या कंपनीकडे होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती कंपनी महापालिकेने ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट. उपनगरांसाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय निघाली. जुनी माणसे तिला बीएसईएस म्हणतात. भांडुप-मुलुंडकडचा भाग मात्र राज्याच्या वीज मंडळाकडे गेला. टाटांचा परवाना मुंबई बेटाला आणि उपनगरांनाही लागू होता. पण टाटा वीज बनवीत, मोठमोठ्या गिरण्या, रेल्वे आणि कारखाने ह्यांना देत, आणि उरलेली बेस्टला व बीएसईएसला घाऊक विकीत. किरकोळ दुकान दुसऱ्यांनी चालवायचे, गोदाम टाटांचे, असा हा व्यवहार. साठ-सत्तर वर्षे त्यावर कोणाची तक्रार नव्हती. किंबहुना एका घरावर दोन कंपन्यांचा हक्क पोचू शकतो हे त्या घरातल्या माणसाच्या गावीही नव्हते.

हे चित्र पालटले ते नव्या शतकात. बीएसईएस रिलायन्सने घेतली. १० जून २००३ पासून नवा वीज कायदा अमलात आला; एकाच भागात दोन परवानाधारक असू शकतात, मात्र दुसऱ्याने स्वतःच्या तारा टाकाव्यात, असे त्या कायद्याने सांगितले. टाटा उपनगरांत छोट्या ग्राहकांनाही वीज देऊ पाहू लागले तेव्हा रिलायन्सने हरकत घेतली, की तुमचा परवाना घाऊक विक्रीचा, किरकोळीचा नव्हे. २००६ साली अपील न्यायाधिकरणाने रिलायन्सच्या बाजूने कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे ते चार जुने परवाने उघडले गेले, आणि ८ जुलै २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की टाटांना लहानमोठ्या सर्व ग्राहकांना वीज देण्याचा अधिकार त्या परवान्यांतच आहे. म्हणजे अंधेरीच्या बिऱ्हाडाला एकविसाव्या शतकात जो हक्क मिळाला, त्याचा कागद १९०७ पासूनचा, आणि त्यातले एक पान मुळशीचे.

निकाल लागला तरी वर्षभर घरगुती ग्राहकाच्या आयुष्यात काही घडले नाही. घडले ते जून २००९ मध्ये. राज्य वीज नियामक आयोगाने रिलायन्सचे दर वाढवून दिले, उपनगरांत बिले भडकली, मोर्चे निघाले, सर्व पक्षांना एकाएकी ग्राहकांचा कळवळा आला. त्या वर्षी विधानसभेच्या निवडणुका होत्या, हे सांगायला नकोच. जुलैत आयोगाने स्वतःच दिलेल्या दरवाढीला स्थगिती दिली आणि कंपनीचे हिशेब तपासण्याचे काम हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडे सोपवले. १३ ऑक्टोबरला मतदान झाले आणि १५ ऑक्टोबर २००९ रोजी आयोगाचा तो आदेश निघाला, ज्याने मुंबईच्या उपनगरांत कंपनी बदलण्याची वाट उघडली.

ती वाट कशी होती हे नीट समजून घेतले पाहिजे. उपनगरांत टाटांच्या तारा फार थोड्या ठिकाणी होत्या. घरोघर नव्या तारा टाकायच्या तर मुंबईचे सगळे रस्ते पुन्हा उकरावे लागले असते, आणि त्याचा खर्च शेवटी बिलातच चढला असता. म्हणून आयोगाने असे ठरवले की तार रिलायन्सचीच राहील. वीज टाटांची म्हणून गणली जाईल. तारेचे भाडे, ज्याला बिलात 'वहन आकार' म्हणतात, ते रिलायन्सला मिळेल. ग्राहकाने टाटांकडे अर्ज करायचा, जुनी थकबाकी चुकती करायची, आणि बिलाच्या माथ्यावरचे नाव बदलायचे. फ्यूज गेला, केबल जळाली, तर दुरुस्तीला यायचा तो रिलायन्सचाच वायरमन. दिव्यालाही पत्ता लागत नसे की मालक बदलला.

मग टाटांची वीज स्वस्त कशी? खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथली जलकेंद्रे जुनी, त्यांचे भांडवल कधीच फिटलेले, पाऊस फुकट. रिलायन्सकडे डहाणूचे केंद्र तेवढे स्वतःचे. बाकीची वीज विकत घ्यावी लागे, तीही बऱ्याच अंशी टाटांकडूनच. आणि २०१० साली ती मिळावी की न मिळावी ह्यावरून दोन कंपन्यांचे भांडण थेट मंत्रालयापर्यंत गेले. स्वस्त युनिटाचे मूळ शोधत गेले तर आपण पुन्हा त्या घाटातल्या तलावांशी येऊन पोचतो.

आता बिलांची तुलना करू. आपल्या बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो आणि ह्या सगळ्यावर सरकारचे वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला शेकडा १६. पुष्कळ लोक नुसता युनिटचा दर पाहून स्वस्त-महाग ठरवतात. समजा, पहिल्या कंपनीचा स्थिर आकार १३० रुपये आणि वीज आकार युनिटला ४ रुपये. दुसरीचा स्थिर आकार ८० आणि वीज आकार पावणेपाच. वहन आकार दोघींनाही सारखाच, युनिटला २ रुपये, कारण तार एकच. (हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष दराशी त्यांचा संबंध नाही.) महिन्याला ६० युनिट जाळणाऱ्या खोलीला पहिल्या कंपनीचे बिल ४९० रुपये येईल, दुसरीचे ४८५. म्हणजे युनिटचा दर जास्त असूनही दुसरीच पाच रुपयांनी स्वस्त. पण २५० युनिट जाळणाऱ्या फ्लॅटला पहिलीचे १,६३० आणि दुसरीचे १,७६७ रुपये ५० पैसे. तिथे पहिलीकडे गेल्यास दर महिन्याला १३७ रुपये ५० पैसे वाचतात. आता सांगा, अर्ज भरायला, रांगेत उभे राहायला, हेलपाटे घालायला कोणाला परवडेल? आणि कंपनीलाही दारात कोण आलेला आवडेल?

मुंबईत पुढे जे झाले त्याचे बीज ह्या साध्या हिशेबात आहे. आपल्या देशात मोठा ग्राहक खर्चापेक्षा थोडे जास्त देतो आणि त्यातून लहान ग्राहकाचा दर खाली राखला जातो. इंग्रजीत ह्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. आम्ही त्याला पंगतीचा न्याय म्हणतो: ज्याची ऐपत आहे त्याने शिधा जास्त द्यायचा, जेवायला सगळे एकत्र. ज्याचा वापर जास्त त्याचा बदलण्यात फायदा जास्त, आणि तो उठून दुसऱ्या पंगतीला गेला की उरलेल्यांचा शिधा कमी पडतो. तसाच तो पडू लागला. तेव्हा सप्टेंबर २०११ मध्ये आयोगाने, जे ग्राहक रिलायन्सच्या तारेवर राहून टाटांची वीज घेतात त्यांच्यावर क्रॉस सबसिडीचा अधिभार बसवला. म्हणजे बदलण्याने जे वाचले त्यातला काही भाग पुन्हा परत द्यायचा. ग्राहक चिडले, त्यांच्या दृष्टीने ते खरेही होते, कारण अर्ज भरताना त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

तेवढ्यावर थांबले नाही. टाटा मोठे मोठे ग्राहक निवडून घेतात आणि झोपडी-चाळ रिलायन्सच्या माथी ठेवतात, असा आक्षेप आयोगापुढे आला. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने टाटांना फर्मावले की ह्यापुढे काही काळ ३०० युनिटांपर्यंतचेच घरगुती ग्राहक घ्या आणि ठरावीक वॉर्डांत स्वतःच्या तारा टाका. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश बाजूला सारला. आयोग एक म्हणे, न्यायाधिकरण दुसरे म्हणे, आणि त्या मधल्या काळात कोणत्या ग्राहकाला कोठे जाता येते हे सांगायला वकीलच लागत असे. २०१८ च्या ऑगस्टात तर गंमतच झाली. रिलायन्सने मुंबईचा सगळा वीजधंदा अदानींना विकला. ज्यांनी कधी अर्ज केला नव्हता, ज्यांना कंपनी बदलायची नव्हती, त्यांचीही कंपनी एका सकाळी बदलली. ग्राहकाने कंपनी बदलायची तर अर्ज, थकबाकी, अधिभार. कंपनीने ग्राहक विकायचे तर त्यांना नुसते कळवले की झाले!

तथापि ह्यातून काहीच निष्पन्न झाले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. अनेक कुटुंबांची बिले त्या वर्षांत खरोखर उतरली. दुसरा दुकानदार शेजारी आहे ह्या धाकाने पहिल्याचे हिशेब उजेडात आले. मक्तेदारीत ग्राहकाच्या पत्राला केराची टोपली दिसते, हा अनुभव आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बिलामागे आहे. स्पर्धेने पत्राला उत्तर तरी मिळते. आमचा आक्षेप आहे तो, कंपनी बदलण्याचा अर्ज म्हणजेच स्वस्त वीज, ह्या भाबड्या समजुतीला.

बाहेरच्या देशाचे एकच उदाहरण देतो. इंग्लंडात १९९८-९९ मध्ये प्रत्येक घराला वीजकंपनी निवडण्याची मुभा मिळाली. पुढे तिथे डझनावारी कंपन्या झाल्या; त्यांतल्या पुष्कळांकडे ना वीजघर, ना तार; नुसते कार्यालय आणि बिलाचा कागद. जे जागरूक ते दरवर्षी कंपनी बदलून पैसे वाचवीत. म्हातारी-कोतारी माणसे जुन्याच कंपनीत राहून जास्त भरीत. ते इतके वाढले की १ जानेवारी २०१९ पासून सरकारी नियामकाला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ साली गॅस महागला आणि २५ हून अधिक कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे वाटून देण्याचा खर्च अखेर सगळ्या देशाच्या बिलांवर पसरला, कधीही कंपनी न बदललेल्या म्हातारीच्या बिलावरसुद्धा.

आता कोल्हापूरकडे. आमच्या संस्थानात पाण्याचा विचार राजाने केला. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम १९०९ साली सुरू केले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले, आणि त्याच्या पायथ्याशी वीजही तयार झाली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झाले, कोयनेची वीज आली, आणि खांब गावोगाव गेले. ह्या मंडळाने सगळे गोड केले असे आम्ही म्हणत नाही. पण गगनबावड्याच्या वाडीवर खांब रोवण्यात नफा नव्हता, आणि तरीही तो रोवला गेला. ६ जून २००५ रोजी मंडळाचे तुकडे झाले. वीज बनवणारी महानिर्मिती, मोठ्या तारांवरून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण. आपल्या घरगुती ग्राहकाशी संबंध ह्या शेवटचीचा.

आमच्या इचलकरंजीने पहिला यंत्रमाग १९०४ साली पाहिला. म्हणून दुसऱ्या यंत्रमागाच्या गावाची, भिवंडीची, गोष्ट आम्हांला जवळची. तिथे २६ जानेवारी २००७ पासून वीज वाटण्याचे काम टोरंट कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिले गेले. दर महावितरणचाच, बिलावर नाव टोरंटचे. गळती कमी झाली हे खरे; ग्राहकाला निवड मिळाली हे मात्र खरे नाही, कारण त्याला एका हातातून दुसऱ्या हातात दिले गेले इतकेच. नागपुरात २०११ साली असाच प्रयोग झाला आणि २०१९ साली खासगी कंपनी काम सोडून गेली. शहर परत महावितरणच्या पदरात. प्रवरेच्या काठी ग्राहकांची स्वतःची सहकारी संस्था, मुळा-प्रवरा, वीज वाटत असे. थकबाकीच्या ओझ्याखाली तिचाही परवाना २०११ साली संपला.

२०२२ च्या अखेरीस अदानींच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण ह्या महावितरणच्या भागात समांतर परवाना मागितला. ४ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्रीपासून राज्यभर वीज कामगार संपावर गेले. नोटीस ७२ तासांची होती. ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्याशी बोलणी होऊन त्याच दिवशी संप मिटला. तेव्हा अनेक मध्यमवर्गीय मित्र आम्हांला म्हणाले, 'तुम्ही आपल्या नोकऱ्यांसाठी ग्राहकाची निवड अडवता.' नोकरीची काळजी होतीच, ती लपवण्याचे कारण नाही. पण मागितलेला भाग नकाशावर पाहावा. कारखाने, मॉल, वसुली चांगली, गळती कमी. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड कोणी मागितले नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपली उपकेंद्रे पाण्याखाली गेली, तेव्हा छातीभर पाण्यातून जाऊन ती पुन्हा चालू करणारी माणसे ज्या पैशावर ठेवली जातात, तो पैसा ठाणे-पनवेलच्या बिलांतूनही येतो. त्या माणसांतले कितीतरी कंत्राटी आहेत, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मग कोल्हापूरच्या घराने करावे काय? ज्याचे स्वतःचे छप्पर आहे त्याला सूर्याची वीज आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेने ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. भाडेकरूला आणि चाळकऱ्याला ते छप्परच नाही, म्हणजे पंगतीतून उठणारा इथेही ऐपतदारच. दुसरे ठिकाण आयोगाच्या सुनावणीचे. दरवाढीचा अर्ज वर्तमानपत्रांत जाहीर होतो, लेखी हरकती मागवतात, सुनावणी होते. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे तिथे आकड्यांनिशी उभी राहत आली आहे. पाचशे पानांचा अर्ज वाचून गळतीचा आकडा खोडून काढणे हे मोर्चापेक्षा कंटाळवाणे काम. पण तिथे कमी झालेला एक पैसा सगळ्यांच्या बिलात कमी होतो, अर्ज भरणाऱ्या एकट्याच्या नव्हे.

आणि एक किरकोळ वाटणारी गोष्ट. घरातच शिलाई, पापड, चपलांचे काम करणाऱ्या बायकांना पुष्कळदा व्यापारी दराने बिल येते. राहत्या घरातल्या अशा छोट्या व्यवसायाला, महिन्याला ३०० युनिटांच्या मर्यादेत वापर असेल तर, घरगुतीच दर लावावा अशी तरतूद आयोगाने दर आदेशांत केलेली आहे. बिलावर 'वर्गवारी' असा शब्द असतो, तिथे काय लिहिले आहे ते आज घरी गेल्यावर पाहावे. चुकीचे असेल तर आधी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि काम न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. अर्ज लिहून द्यायला आमचे कार्यालय संध्याकाळी उघडे असते. येताना मागच्या बारा महिन्यांची बिले आणावीत.